‘रुचिरा’कार कमलाबाई ओगले

मराठी मध्यमवर्गीय घरातील पुस्तकांच्या कपाटात कथा-कादंबऱ्या असतात, संतवाङ्मय असते, दिवाळी अंकही जपून ठेवलेले असतात. ‘रुचिरा’ मात्र त्या कपाटात सहसा सापडत नाही. तिची जागा स्वयंपाकघरात, मसाल्याच्या डब्यांशेजारी असते. पानांवर तेलाचे डाग, पुरणपोळीच्या पानावर हळदीचे बोट, मुखपृष्ठ कधीच निखळलेले. पुस्तकाची अशी दुर्दशा हा इतर लेखकांच्या बाबतीत अपमान ठरला असता. कमलाबाई ओगले यांच्या बाबतीत तोच खरा सन्मान ठरला. पुरस्कार आणि परिसंवादांपासून दूर राहूनही ही लेखिका महाराष्ट्रातील असंख्य घरांत रोज दोन वेळा उपयोगी पडत आली.

कमलाबाईंचा जन्म १६ सप्टेंबर १९१३ रोजी कुंडल या गावी झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कमलाबाईंच्या जन्माआधी तीन वर्षे, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्थानकालगतची माळरानाची जमीन दिली होती. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे त्याच वाडीतून ‘किर्लोस्कर’ आणि १९३० पासून ‘स्त्री’ ही मासिके निघू लागली. घराच्या चार भिंतींआड असलेल्या मराठी बायकांच्या हाती छापील अक्षर नियमाने पडू लागण्याचा तो काळ होता.

कमलाबाईंच्या वाट्याला मात्र शाळा फारशी आली नाही. त्यांचे औपचारिक शिक्षण इयत्ता चौथीपर्यंतच झाले. त्या पिढीतील बहुतेक मुलींप्रमाणे त्यांचे पुढचे शिक्षण झाले ते सासरी, चुलीपुढे. सासूबाईंच्या शिस्तीच्या हाताखाली त्या स्वयंपाक शिकल्या आणि त्यात पारंगत झाल्या.

हे शिक्षण कसे असे, याची कल्पना आजच्या वाचकाला सहजासहजी येणार नाही. त्याला पुस्तक नव्हते, वही नव्हती, मापही नव्हते. मीठ किती, तर चवीपुरते. पाणी किती, तर बेताचे. पाक कसा, तर बोटांना कळेल तसा. चकली तेलात विरघळली किंवा अनारसा हसला, म्हणजे पिठात काहीतरी चुकले, एवढे कळे. नेमके काय चुकले, हे सांगणारी व्यक्ती घरात एकच. तिची मर्जी असेल तर विद्या मिळायची, नसेल तर बोलणी. सुनेने वर्षानुवर्षे पाहायचे, चुकायचे, ऐकून घ्यायचे आणि एके दिवशी तिचा हात बसायचा. अंदाजपंचे दाहोदरसे अशा या पद्धतीतून उत्तम सुगरणी घडल्या हे खरे. पण ती विद्या त्या घराबाहेर जात नसे, आणि शिकणारीला पर्याय नसे.

पाककृती छापण्याचे प्रयत्न मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते असे नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये प्रसिद्ध झाले. या नावाने आजचा वाचक थोडा चकित होतो. सूप म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे जेवणाआधी येणारी वाटी तरी येते, नाहीतर धान्य पाखडायचे सूप. संस्कृतात मात्र सूप म्हणजे वरण, डाळीचे कालवण. त्यावरूनच स्वयंपाक करणारा तो सूपकार आणि स्वयंपाकाचे शास्त्र ते सूपशास्त्र. त्यानंतर १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आले. हजार पाकक्रियांचा तो ग्रंथ अनेक वर्षे घरोघरी वापरला गेला.

तेव्हा कमलाबाईंचे वेगळेपण पहिलेपणात नाही. ते आहे वेळेत आणि भाषेत.

वेळ अशी, की एका पिढीच्या डोळ्यांदेखत महाराष्ट्रातील मापे बदलली होती. आईच्या तोंडी चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली होती. वाण्याच्या दुकानात मात्र १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने ग्रॅम आणि किलो आले. आईने सांगितलेला पावशेर रवा म्हणजे नव्या वजनात किती, हे लेकीला कळेना. घरात तराजू असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि ज्या घरात हे सारे तोंडी विचारता आले असते, ते घरच आता मागे राहू लागले होते.

मुंबईच्या उपनगरांकडे पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरी आणि घाटकोपर-भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये बोरिवलीच्या पुढे दहिसरपर्यंत आणि दुसऱ्या बाजूला मुलुंडपर्यंत वाढली. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून आणि सांगली, सातारा, रत्नागिरीच्या वाड्यांतून निघालेली तरुण जोडपी या नव्या वसाहतींत येऊन राहिली. दीड-दोन खोल्यांचा संसार, नवरा सकाळच्या लोकलने कामावर, पुष्कळदा बायकोही नोकरी करणारी. मुंबईत १९५५ पासून स्वयंपाकाचा गॅस मिळू लागला होता; चूल आणि शेगडी हळूहळू मागे पडत होती, ओट्यावर प्रेशर कुकर येत होता. ज्या सासूबाईंना विचारायचे त्या गावी, आणि ट्रंक कॉल लावून अनारशाचे पीठ कसे भिजवायचे हे कोणी विचारीत नसे. पत्राचे उत्तर येईपर्यंत सण उलटून जाई. चाळीत निदान शेजारच्या काकू होत्या. नव्या इमारतीत शेजारीही तितकेच नवखे. शिकवणाऱ्या बायका होत्या, शिकणाऱ्याही होत्या. त्यांच्यातले अंतर मात्र वाढले होते.

अशा वेळी, १९७० मध्ये, ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. कमलाबाईंनी तेव्हा वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती. एवढी वर्षे हाताने केलेले सारे त्यांनी कागदावर उतरवले, आणि उतरवताना एक निर्णय घेतला. सारे प्रमाण त्यांनी वाटी आणि चमच्यात दिले.

हा निर्णय दिसायला साधा आहे, पण त्यामागे स्वयंपाकाची खोल जाण आहे. वाटी प्रत्येक घरातली निराळी असते, मग ती माप कशी होऊ शकेल, असा प्रश्न शिकल्यासवरलेल्या माणसाला पडेल. उत्तर असे, की स्वयंपाकात वजनापेक्षा प्रमाण महत्त्वाचे. एक वाटी हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी गूळ घेतला, की वाटी लहान असो वा मोठी, पुरण गोडीला बेताचे होते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हा हिशेब चार माणसांच्या भातालाही लागू पडतो आणि दहांच्याही. एकच वाटी शेवटपर्यंत वापरायची, एवढे पथ्य पाळले की झाले. तराजू नको, जुन्या शेराचे नव्या किलोत रूपांतर नको. जी वस्तू प्रत्येक घरात होतीच, तिचेच त्यांनी माप केले. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने मापांच्या गोंधळावर काढलेला हा तोडगा पदवीधर मुलींनाही सहज उमगला.

भाषेचेही तसेच. शास्त्रीय परिभाषेचा बडेजाव तिला नाही. घरातली जाणती बाई ओट्याशी उभी राहून जशी सांगेल, तसे ते लेखन आहे. मात्र जाणत्या बाईच्या बोलण्यात जे गृहीत धरलेले असते, ते येथे सांगितलेले असते. बेताचे म्हणजे किती, याचे उत्तर मिळते. मुख्य म्हणजे हे पुस्तक रागावत नाही. आमटी पुन्हा बिघडली तर तेच पान पुन्हा उघडता येते. तिसऱ्यांदा विचारले म्हणून ते माहेर काढीत नाही. सासुरवाशिणीच्या शिक्षणातले ज्ञान कमलाबाईंनी ठेवले आणि त्यातली भीती वगळली. मराठी स्त्रीच्या जीवनात या गोष्टीचे मोल मोठे आहे.

उपनगरातील घराघरांत हे पुस्तक पानागणिक करून पाहिले गेले. आधी वरण-भात, आमटी, कोशिंबीर यांसारखे रोजचे पदार्थ. हात थोडा बसला, की गोडा मसाला, भाजणी, लोणची. आणि धीर आला, की दिवाळीच्या आधी चिरोटे. एखाद्या रविवारी टोमॅटोचे सार. याच काळात हॉटेलातले टोमॅटोचे सूप घरी करून पाहण्याची हौसही वाढत होती, आणि दोन्ही पदार्थ एकाच फळाचे असूनही किती निराळे, हे मुलांना ताटावरच कळे. सूप जेवणाआधी, लोणी आणि मिरपूड घालून. सार भाताबरोबर, तूप-जिऱ्याची फोडणी, नारळाचे दूध आणि गुळाची किंवा साखरेची चिमूट घेऊन. नव्याची आवड धरताना जुनेही येत असले पाहिजे, ही इच्छा त्या पिढीला होती. हाताशी एक भरवशाचे पुस्तक असल्याने ती पुरी होऊ शकली.

लग्नात मुलीला ‘रुचिरा’ देण्याची पद्धत पडली. अमेरिकेने १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा बदलल्यावर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांच्या सामानातही कुकर आणि मसाल्यांसोबत हे पुस्तक गेले. तेथे वाटीच्या जागी कप आला आणि तरीही काही बिघडले नाही, कारण प्रमाण तेच राहिले. पुस्तकाच्या दीड लाखाहून अधिक प्रती खपल्या. पुढे त्याचा दुसरा भाग आला, आणि निवडक शाकाहारी पाककृतींचे इंग्रजी पुस्तकही निघाले. मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, अशा पुढच्या पिढीला त्याची गरज होती. पाचशे प्रतींची आवृत्ती संपायला वर्षे लागावीत अशा मराठी ग्रंथव्यवहारात हा खप कोणाही लेखकाला हेवा वाटावा असा आहे.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. ‘रुचिरा’तील चव ही मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातील पांढरपेशा, बहुतांशी शाकाहारी घरांची चव आहे. पुस्तक घरोघरी गेले, तसा तोच महाराष्ट्राचा स्वयंपाक असा समज शहरांत रुजत गेला. वऱ्हाडातले, खानदेशातले, आगरी-कोळ्यांचे आणि मुसलमान घरांतले रांधणे त्या मानाने छापील पानांवर उशिरा आले. मराठवाड्यातील दलित समाजाच्या अन्नसंस्कृतीची सविस्तर मांडणी करणारे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ प्रसिद्ध व्हायला २०१५ साल उजाडावे लागले. हा दोष एकट्या कमलाबाईंच्या माथी मारता येणार नाही. त्यांनी आपल्याला येत होते ते प्रामाणिकपणे लिहिले. ज्यांना लिहिण्याची संधी मिळाली नाही, त्यांची उणीव साऱ्या समाजाची आहे. उलट, चौथी शिकलेल्या गृहिणीच्या हातची विद्याही ग्रंथात जाण्याच्या योग्यतेची असते, हे कमलाबाईंनी दाखवून दिले, आणि तो धडा पुढच्यांच्या उपयोगी पडला.

२० एप्रिल १९९९ रोजी कमलाबाईंचे निधन झाले. त्यानंतर स्वयंपाक शिकण्याची साधने पार बदलली. आधी दूरचित्रवाणीवर पाककृतींचे कार्यक्रम आले, मग मोबाइलच्या पडद्यावर पदार्थ शिजताना दिसू लागला. अंधेरी-बोरिवलीच्या अनेक घरांत आज सासू-सून दोघीही नोकरी करतात, आणि ओट्यापाशी मुलगेही उभे राहू लागले आहेत. तरी ‘रुचिरा’च्या आवृत्त्या निघत राहिल्या. पडद्यावरची कृती पाहताना थांबवावी लागते, मागे न्यावी लागते. पीठ लागलेल्या हाताने ते जमत नाही. उघडे ठेवलेले पुस्तक मात्र वाट पाहत राहते.

एका पिढीच्या स्वयंपाकाची विद्या नव्या पिढीपर्यंत पोहोचण्याची वाट स्थलांतराने आणि विभक्त कुटुंबांनी बंद होत आली होती. कमलाबाईंनी ती वाटी आणि चमच्याने मोकळी केली. त्यांच्या सासूबाईंनी एका सुनेला शिकवले. त्या सुनेने महाराष्ट्राच्या लाखो लेकीसुनांना शिकवले.