ऑस्ट्रेलियाच्या जनकाचा मुंबईतला संसार आणि कोचीनच्या बाजारात विकत घेतलेली दोन पोरं

सिडनीत फिरलात तर मॅक्वारी हे नाव जागोजागी दिसेल. रस्ता मॅक्वारी, विद्यापीठ मॅक्वारी. स्कॉटलंडमधल्या त्याच्या कबरीवर तर त्याला थेट ऑस्ट्रेलियाचा जनक म्हटलंय.

पण या लॅकलन मॅक्वारीचा संसार सुरू झाला तो आपल्या मुंबईत.

१७६२ साली स्कॉटलंडच्या उल्वा बेटावर त्याचा जन्म झाला. कूळ सरदारांचं, पण घरची परिस्थिती बेताची. सैन्यात भरती झाला आणि १७८८ मध्ये मुंबईत आला. इथं त्याला जेन जार्विस भेटली. ८ सप्टेंबर १७९३ ला दोघांचं लग्न झालं.

जेनकडे वारशाचे ६००० पौंड होते. तिचे वडील कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर मुख्य न्यायाधीश होते आणि उसाच्या मळ्यांचे मालकही. त्या मळ्यांत राबायचे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. म्हणजे मुंबईतल्या या घरात आलेला पैसा हजारो मैलांवरच्या गुलामांच्या घामाचा होता.

गोष्ट इथंच थांबत नाही. १७९५ मध्ये कोचीनला मॅक्वारीने दोन लहान पोरं विकत घेतली. नवरा-बायकोने आपापल्या भावांची नावं त्यांना दिली, हेक्टर आणि जॉर्ज.

पुढच्याच वर्षी क्षयरोगाने जेन मकावमध्ये गेली. मॅक्वारीचं तिच्यावर इतकं प्रेम की त्याने तिचा मृतदेह जहाजाने मुंबईत आणला आणि जानेवारी १७९७ मध्ये इथं दफन केलं. पुढे स्कॉटलंडमध्ये जमीन घेतली, तिला नाव दिलं जार्विसफिल्ड. १८०७ मध्ये एलिझाबेथ कॅम्पबेलशी त्याने दुसरं लग्न केलं.

१८१० मध्ये तो न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांना त्याने मानाची पदं दिली, त्यासाठी बड्या लोकांचा रोष ओढवून घेतला. एका गावाला तर गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्सचं नाव दिलं.

आणि तेव्हा त्याच्याच घरात नोकर म्हणून होता कोचीनचा जॉर्ज. हेक्टर केव्हाच दुरावला होता. जॉर्ज मात्र भारत, ऑस्ट्रेलिया, स्कॉटलंड असा मालकामागे फिरत राहिला. १८२४ मध्ये मॅक्वारी वारला, तोवर त्याची साथ सुटली नाही.

मॅक्वारीचं नाव नकाशावर राहिलं. जॉर्जला मात्र आईबापाचं नावही वापरता आलं नाही. तो आयुष्यभर जॉर्ज जार्विसच राहिला, मालकिणीच्या माहेरचं आडनाव लावून.