२३ वर्षांचे असताना कड्यावरून कोसळले, तरी कादंबरीकार झाले. 'वीरधवल'कार नाथमाधव यांची कहाणी

गोंदिया : दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि आपल्या अर्जुनी-मोरगाव, सडक-अर्जुनीकडे रात्र-रात्र नाटकं चालतात. तलवारी, कपटी सरदार, हक्काच्या गादीसाठी झगडणारा राजपुत्र असं काही असलं, की प्रेक्षक पहाटेपर्यंत हलत नाहीत. मराठी कादंबरीत अशीच अद्भुत दुनिया उभी करून ज्यांनी वाचकांना वेड लावलं, त्यात नाथमाधव यांचं नाव फार वरचं. त्यांची 'वीरधवल' १९१३ मध्ये आली. हिंदीत जसं 'चंद्रकांता'चं नाव, तसं मराठीत 'वीरधवल'चं.

नाथमाधव हे टोपणनाव. खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म मुंबईचा, ३ एप्रिल १८८२ चा. तरुणपणी त्यांनी कुलाब्याच्या सरकारी कारखान्यात नोकरी धरली. तिथं तोफांचे गाडे तयार व्हायचे. म्हणजे सकाळी कामावर, संध्याकाळी घरी. शिवाय शिकारीचा नाद होता. लेखक होण्याची वाट इथून कुठंच दिसत नव्हती.

१९०५ मध्ये शिकारीच्या निमित्तानं ते पुण्याजवळच्या सिंहगडावर गेले आणि कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय होतं २३.

आज असा अपघात झाला तर निदान ॲम्ब्युलन्स आहे, औषधं आहेत, व्हीलचेअर आहे. तेव्हा यातलं जवळपास काहीच नव्हतं. पेनिसिलिनसारखं औषध हाताशी यायला अजून ४० वर्षं जायची होती. असे रुग्ण बहुधा पाठीला झालेल्या जखमांनी किंवा लघवीच्या संसर्गानं थोड्याच वर्षांत जात. नोकरी गेली, चालणं गेलं, आणि किती दिवस हाती आहेत तेही कळेना.

उपचारासाठी त्यांना मिरजेच्या रुग्णालयात ठेवलं होतं. खाटेवर पडल्या-पडल्या करण्यासारखं एकच काम होतं, वाचन. ते त्यांनी भरपूर केलं. वाचता-वाचता लिहू लागले. 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी १९०८ मध्ये बाहेर आली, अपघातानंतर तीन वर्षांनी. पुढच्याच वर्षी 'सावळ्या तांडेल' आली. नाव अजून फार मोठं झालं नव्हतं. 'वीरधवल' यायला आणखी चार वर्षं लागली.

एक गोष्ट लपवायचं कारण नाही. 'वीरधवल'चा सांगाडा इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स यांच्या 'केनेथ'वरून घेतलेला आहे. तेव्हा रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्या भारतात खूप वाचल्या जात आणि मराठीत आणल्याही जात. पण नाथमाधवांनी ती इथल्या राजवाड्यांत, इथल्या माणसांत अशी बसवली, की वाचकाला परकं काही वाटलंच नाही. घोडदौड, तलवारबाजी, सुटका, पाठलाग, सगळं जोरात. आणि हे सगळं लिहिणारा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नव्हता.

ते फक्त अद्भुतातच रमले असं मात्र नाही. 'डॉक्टर' ही तीन भागांची सामाजिक कादंबरी त्यांनी लिहिली. शिवकालावर तर अख्खी मालिकाच लिहिली, 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना' अशी. ज्या डोंगर-किल्ल्यांवर त्यांना पुन्हा कधी चढता येणार नव्हतं, तेच किल्ले या पुस्तकांत पानोपानी येतात.

टीकाकार त्यांना हरि नारायण आपट्यांच्या पंक्तीत बसवत नाहीत. ते एका अर्थानं बरोबरही आहे. माणसाच्या मनाचा तळ शोधावा तो आपट्यांनी. पण एकदा धरलेलं पुस्तक खाली ठेवू न देणं हेही सोपं काम नाही, आणि ते नाथमाधवांना साधलं होतं.

२१ जून १९२८ रोजी ते वारले. वय ४६. म्हणजे २३ वर्षं चालती-फिरती आणि २३ वर्षं पंगूपणाची. जी काही पुस्तकं आहेत ती सगळी या दुसऱ्या २३ वर्षांतली.

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. नाथमाधवांच्या पुस्तकांवरचा तो केव्हाच संपला आहे. त्यामुळे 'वीरधवल' कोणालाही छापता येते, वाचता येते. तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा, नाहीतर मोबाईलवर मराठीत नाव टाकून शोधा. भाषा थोडी जुनी लागेल, पण पहिली वीस-पंचवीस पानं गेली की अडचण वाटत नाही.