कर्मवीर दादासाहेब गायकवाड



तुम्ही घरातले देव पाण्यात सोडले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आता तुमचा शाळेत जाणारा मुलगा विचारील, की आपल्याला देवच नको होता तर आपले लोक काळाराम मंदिरासाठी मार खात का बसले? त्याला दादासाहेबांचे चरित्र सांगा.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे गावी झाला. २ मार्च १९३० रोजी नाशकात सत्याग्रह सुरू झाला, त्या समितीचे ते चिटणीस होते. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. रामनवमीला रथ दोघांनी मिळून ओढायचा असे ठरले होते. तो शब्द मोडला गेला आणि आपल्या माणसांवर दगड पडले. पुढे १९३४ च्या मार्चमध्ये परमपूज्य बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्राने कळविले, की हा लढा मूर्तिपूजेसाठी नव्हताच. समाज जागा व्हावा म्हणून तो होता. आता शक्ती शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी. चार वर्षे राबलेल्या माणसाने हे ऐकले. दुसऱ्याच वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, तीही त्यांच्याच जिल्ह्यात.

१९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत गेले, १९५७ साली नाशिकमधून लोकसभेत, नंतर राज्यसभेत. पण सभागृहापेक्षा त्यांचा जीव रमला तो गावकुसाबाहेरच्या माणसात. दीक्षा घेतली, बलुते नाकारले, मेलेले ढोर ओढणे सोडले. मग खायचे काय? हा प्रश्न तुमच्या घरानेही सोसला असेल. दादासाहेबांचे उत्तर होते जमीन. पडीक व गायरान जमीन भूमिहीनांना द्या, म्हणून १९५९ साली मराठवाड्यात व खानदेशात सत्याग्रह झाला. पक्षातील काही शिकलेल्या पुढाऱ्यांना हा मार्ग साम्यवाद्यांचा वाटला आणि पक्ष फुटला. मी स्वतः पदवीधर आहे, म्हणून हे लिहिताना थोडी शरम वाटते.

६ डिसेंबर १९६४ पासून पुन्हा देशभर लढा झाला. बायाबापड्या कडेवर मुले घेऊन तुरुंगात गेल्या. तुमच्या आजीला विचारून पाहा, कदाचित ती त्यांत असेल. त्या मागण्यांत जमिनीबरोबर आणखी दोन गोष्टी होत्या: बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागावे आणि बौद्ध झालेल्यांच्या सवलती चालू राहाव्यात.

१९६७ साली त्यांनी काँग्रेसशी युती केली. माझ्या मते ती चूक होती. त्या सावलीत पक्ष वाढला नाही, खुरटला. मात्र त्यांनी स्वतःसाठी काही मागितले, असे मला कुठे आढळले नाही.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. तैलचित्र लागले आणि बौद्धांच्या सवलती केंद्राने मान्य केल्या, तेव्हा १९९० साल उजाडले होते. जमिनीची मागणी अजून पुरी झालेली नाही.