सिगारच्या खोक्यात माती भरून प्रयोग करणाऱ्या माणसाने सांगितलं, दरड का सुटते

पावसाळ्यात घाटातून जाताना रस्त्याकडेच्या संरक्षक भिंतीकडे नीट बघा. भिंतीला ओळीने भोकं असतात, काहींत पाइप बसवलेले असतात आणि त्यातून पाणी गळत असतं. बघणाऱ्याला वाटतं भिंतीचं काम कच्चं झालंय. पण ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. मागच्या मातीत पाणी साठून राहिलं तर तेच घात करतं.

हे पाणी नेमकं काय करतं, ते ज्याने नीट मांडलं तो माणूस म्हणजे कार्ल तेर्झागी.

जन्म १८८३ चा, प्रागमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी, त्यामुळे पोराची रवानगी लष्करी शाळेत. पुढे ग्राझमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, पण जीव रमला भूगर्भशास्त्रात. बांधकामाच्या साइटवर काम करताना त्याला एक गोष्ट खटकली. लोखंड किती भार घेईल हे कागदावर काढता यायचं, मातीचा विषय आला की मात्र बराचसा अंदाजपंचे कारभार. १९१२ मध्ये तो अमेरिकेला गेला, तिथल्या धरणांच्या साइट पालथ्या घातल्या, ढीगभर नोंदी केल्या. हाती नियम काही लागला नाही. निराश होऊन परत आला.

पहिलं महायुद्ध सुरू असताना, १९१६ मध्ये, त्याला इस्तंबूलमध्ये शिकवायला पाठवलं. युद्ध हरल्यावर ती नोकरी गेली आणि तो तिथल्याच रॉबर्ट कॉलेजात लागला. प्रयोगशाळेच्या नावाने बोंब. मग गड्याने कॉलेजच्या भंगारातून सामान उचललं, सिगारची रिकामी खोकी घेतली आणि त्यात माती भरून ती दाबून बघायला लागला.

त्याला जे सापडलं ते असं. उतारावरची माती सतत खाली ओढली जात असते. ती टिकते कारण कण एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्यांच्यात घर्षण असतं. पाऊस जोरात लागला की कणांमधल्या पोकळ्या भरतात. निचरा होण्याआधीच आणखी पाणी आलं की त्या पाण्याचा दाब वाढतो आणि वरचा काही भार कणांऐवजी पाणीच पेलायला लागतं. कणांची पकड सुटते. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहिल्यावर पाय टेकलेले असूनही जोर लागत नाही, तसंच काहीसं.

२०१४ मध्ये माळीणला डोंगर खाली आला, तेव्हाही मुसळधार पावसाने मातीत पाणी भरलं होतं.

पाण्याने माती निसरडी होते म्हणून दरड घसरते, हा आपल्या सगळ्यांचा समज. १९५० मध्ये दरडींवर लिहिलेल्या लेखात तेर्झागीने तो खोडून काढला. पाणी वंगणाचं काम करत नाही, ते दाबाने पकड सोडवतं. त्यामुळे उपायही बदलतो. नुसती भिंत जाड करून भागत नाही, आधी पाणी बाहेर काढावं लागतं.

१९२५ मध्ये त्याचं मातीच्या यांत्रिकीवरचं पुस्तक आलं आणि एक नवीन शास्त्र उभं राहिलं. पुढे व्हिएन्नात असताना पॉल फिलुंगर या प्राध्यापकाने त्याच्यावर जाहीर आरोप केले, त्याचं गणितच चूक आहे म्हणाला. चौकशी समितीने तेर्झागीची बाजू घेतली. १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्याच्या पत्नीने आयुष्य संपवलं. वाईट भाग म्हणजे फिलुंगरच्या कामातही दम होता, हे अभ्यासकांनी खूप नंतर मान्य केलं.

१९३८ पासून तेर्झागी हार्वर्डमध्ये होता. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री इटलीत वायोंट धरणाच्या जलाशयात डोंगराची अख्खी कड कोसळली. जलाशयाचं पाणी खडकात शिरून तिथला दाब वाढला होता. धरण टिकलं, पण त्यावरून उसळलेल्या लाटेने खालची गावं धुऊन नेली, सुमारे दोन हजार माणसं गेली. त्यानंतर सोळा दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, तेर्झागी वारला. वय ८०. दोन वर्षांनी कॅनडातल्या मिशन धरणाला त्याचं नाव दिलं गेलं. त्या धरणाचं काम त्याने स्वतः पाहिलं होतं.