बिग बेअर

बिग बेअर, मूळ क्री नाव मिस्ताहिमस्क्वा (जन्म: सुमारे १८२५, मृत्यू: १७ जानेवारी १८८८), हे कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशातील क्री या मूलनिवासी समाजाचे एक प्रमुख होते. त्यांच्या नावाचा अर्थ मोठे अस्वल असा आहे. फ्रॉग लेक येथे १८८५ साली त्यांच्या टोळीतील योद्ध्यांनी नऊ जणांना ठार केले. ही हत्या थांबविण्याचा प्रयत्न बिग बेअर यांनीच केला होता. तरीही तिचा ठपका त्यांच्यावर आला.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म आजच्या सस्कॅचेवान प्रांतात, फोर्ट कार्लटनच्या परिसरात झाला. वडील ब्लॅक पावडर हे टोळीप्रमुख होते. १८३७ च्या देवीच्या साथीतून बालवयातील बिग बेअर वाचले, परंतु चेहऱ्यावरील व्रण कायम राहिले. १८६५ च्या सुमारास, वडिलांच्या निधनानंतर, प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

करारास नकार

१८७६ मध्ये कॅनडा सरकारने क्री प्रमुखांशी सहावा करार केला. जमिनीवरील हक्क सोडल्यास पाच जणांच्या कुटुंबामागे एक चौरस मैल राखीव भूमी आणि माणशी वार्षिक पाच डॉलर, असे त्याचे स्वरूप होते. बिग बेअर यांनी सही केली नाही. गळ्याला दोर लागण्याची भीती त्यांनी गव्हर्नर मॉरिस यांच्यापुढे बोलून दाखविली. अनेक अभ्यासकांच्या मते त्यांना दावणीला बांधलेल्या घोड्यासारखी पराधीनता अभिप्रेत होती. भाषांतरात मात्र तिचा अर्थ फाशीचे भय असा झाला. एका चुकीच्या अर्थामुळे विचारी नेता भित्रा ठरला.

१८७९ पर्यंत त्या प्रदेशातील बायसनचे (रानगव्यांचे) कळप जवळजवळ नाहीसे झाले. क्री लोकांचे अन्न, वस्त्र व निवारा याच प्राण्यावर अवलंबून होते. सरकारी शिधा करार मानणाऱ्यांनाच मिळत असल्याने एकेक कुटुंब बिग बेअर यांना सोडून जाऊ लागले. अखेर ८ डिसेंबर १८८२ रोजी फोर्ट वॉल्श येथे त्यांनी सही केली. सहा वर्षांच्या विरोधाचा शेवट युद्धाने नव्हे, उपासमारीने झाला.

तरीही क्री टोळ्यांनी एकत्र येऊन लगतच्या राखीव भूमी मागाव्यात, असा त्यांचा प्रयत्न चालूच होता. १८८४ च्या उन्हाळ्यात पाउंडमेकर या प्रमुखाच्या राखीव भूमीवर दोन हजारांहून अधिक लोक जमले होते.

फ्रॉग लेक

१८८४-८५ चा हिवाळा टोळीने आजच्या आल्बर्टा प्रांतातील फ्रॉग लेक वसाहतीजवळ काढला. शिध्याची कपात आणि अधिकारी थॉमस क्विन यांची कठोर वागणूक यांमुळे असंतोष वाढला होता. तरुणांवरील प्रभाव बिग बेअर यांच्याकडून निसटून युद्धप्रमुख वाँडरिंग स्पिरिट व पुत्र इमासीस यांच्याकडे गेला. मार्चअखेरीस डक लेक येथे मेटी (मिश्रवंशीय) बंडखोरांनी पोलिसांना हरविल्याची वार्ता आली आणि २ एप्रिल १८८५ रोजी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, योद्ध्यांनी वसाहत ताब्यात घेतली. छावणीत येण्यास नकार देणाऱ्या क्विन यांना वाँडरिंग स्पिरिट यांनी गोळी घातली. बिग बेअर हत्या थांबविण्यासाठी ओरडत धावले, पण काही क्षणांत दोन धर्मगुरूंसह नऊ जण मरून पडले.

दोन आठवड्यांनी फोर्ट पिटला वेढा पडला, तेव्हा मात्र त्यांच्या मध्यस्थीमुळे पोलिसांच्या तुकडीला नदीमार्गे निघून जाता आले. (तिचे अधिकारी फ्रान्सिस डिकन्स हे कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांचे पुत्र होते.)

खटला व मृत्यू

२ जुलै रोजी बिग बेअर फोर्ट कार्लटनजवळ शरण आले. ओलीस राहिलेल्यांपैकी काहींनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली व ज्यूरीनेही दयेची शिफारस केली. तरी रेजायना येथील न्यायालयाने राजद्रोहासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली. वाँडरिंग स्पिरिट यांच्यासह आठ जणांना २७ नोव्हेंबर रोजी बॅटलफर्ड येथे फाशी झाली. मॅनिटोबातील स्टोनी माउंटन तुरुंगातून प्रकृती ढासळल्यामुळे बिग बेअर यांची १८८७ मध्ये सुटका झाली. स्वतःची राखीव भूमी त्यांना कधीच मिळाली नाही. पुढील हिवाळ्यात पाउंडमेकर राखीव भूमीवर त्यांचे निधन झाले.

इमासीस अमेरिकेतील माँटाना येथे निसटले व लिटल बेअर या नावाने ओळखले गेले. तेथे १९१६ साली क्री व चिपेवा लोकांसाठी रॉकी बॉय राखीव भूमी स्थापन झाली.