वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया आणि आपल्या घराण्यांच्या नोंदी

ज्युबिलीच्या निमित्तानें आमच्या पॅरिशमधील जुन्या घराण्यांची माहिती गोळा करावी असें ठरलें, तेव्हां काम सोपें वाटलें होतें. परंतु परभणी जिल्ह्यांतील आम्हां कॅथलिकांचीं घरें एका ठिकाणचीं नव्हेत. कोणी औरंगाबाद-जालन्याकडील मिशनांतून आले, कोणी नगरकडून, तर कोणी १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाल्यानंतर नोकरीच्या निमित्तानें परभणी व पूर्णा येथें येऊन राहिले. पणजोबांचें नांव विचारलें तर सांगणारे पुष्कळ भेटले. पणजीचें नांव सांगणारे मात्र थोडेच. ह्याच अडचणीचा एक मोठा दाखला महाराष्ट्रांतील एका संताच्या चरित्रांत आहे, म्हणून तें चरित्र येथें देत आहों.

संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. गुजराथचा सुलतान बहादूरशाह ह्यानें १५३४ सालीं वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला, त्यानंतर दोन तपें लोटण्याच्या सुमारास त्यांचा जन्म झाला. कोणी तें वर्ष १५५६ देतात, कोणी १५५७. एका वर्षाचा हा फरक लहान दिसतो; पण तो पडण्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. विवाहाची नोंद, तसेंच बाप्तिस्म्याच्या वेळीं उभ्या राहिलेल्या धर्ममातापित्यांचीं नांवें धर्मगुरूनें वहींत लिहून ठेवावीं, अशी आज्ञा त्रेंतच्या परिषदेनें सर्व ख्रिस्तसभेस ११ नोव्हेंबर १५६३ रोजीं दिली. ह्या ठरावांस अनुसरून आपल्या देशाकरितां नियम करणारी गोव्याची पहिली प्रांतिक परिषद १५६७ सालीं भरली. तोंपर्यंत गोन्सालो दहा वर्षांचे झाले होते. ज्या नियमानें आज आपल्या प्रत्येक बालकाचें नांव वहींत चढतें, तो नियम त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर जन्मास आला.

त्यांचे वडील पोर्तुगीज व आई वसईच्या मुलखांतील, एवढें पुष्कळ चरित्रकार सांगतात. वडिलांचें गार्सिया हें आडनांव मुलास लागलें व जगभर गेलें. आईला मात्र चरित्रकार वसईची एक स्त्री एवढेंच म्हणून पुढें जातात. संत मत्तय ह्यांनीं प्रभूची वंशावळ लिहितांना तामार, राहाब, रूथ व उरियाची पत्नी ह्या चौघींस वगळलें नाहीं, आणि शेवटीं पवित्र मरियेचें नांव आणिलें. ज्या मातेमुळें भारतास आपला पहिला संत लाभला, तिच्या वांट्यास एवढेंही आलें नाहीं, ह्याचें आम्हांस फार वाईट वाटतें.

बालपणीं गोन्सालो वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं शिकले. फादर सेबास्तियांव गोन्साल्विस ह्यांनीं १५७२ सालीं त्यांना आपल्याबरोबर जपानास नेलें. तेव्हां त्यांचें वय पंधरा-सोळा वर्षांचें होतें. तेथें सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें आणि जपानी भाषा अशी आत्मसात् केली कीं पुढें सर्व आयुष्यभर तीच विद्या त्यांच्या उपयोगीं पडली. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाहीं. त्या काळीं परदेशी पिता व देशी माता ह्यांच्या पुत्रांस आपल्यांत घेण्याविषयीं पुष्कळ धर्मसंघ नाखूष असत. गोन्सालो ह्यांच्या बाबतींत तेंच कारण घडलें असें आम्ही ठामपणें म्हणत नाहीं. तथापि घराण्याची नोंद मनुष्यास जशी आधार होते तशी ती कधीं त्याच्या वाटेंत आडवीही येते, हें विसरून चालणार नाहीं.

निराश न होतां त्यांनीं व्यापार आरंभिला. व्यापार चांगला चालला, पण मन त्यांत रमेना. अखेरीस फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरीं जाऊन ते संत फ्रान्सिसच्या संघांत साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले. पुढें १५९३ सालीं मनिलाच्या स्पॅनिश सुभेदारानें पेद्रो बाप्तिस्ता ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याच्याकडे पाठविलें. त्यांचे दुभाषे म्हणून गोन्सालो बरोबर गेले. वसईचा एक मुलगा स्पेनच्या वकिलाचें म्हणणें जपानी भाषेंत तेथील सर्वाधिकाऱ्यापुढें मांडतो, हा प्रसंग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. हिदेयोशीनें १५८७ सालींच परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा असें फर्मान काढलें होतें. पण तें कडकपणें अमलांत आलें नव्हतें. त्यामुळें ह्या मंडळींस राहण्याची परवानगी मिळाली व क्योतो शहरीं त्यांनीं देऊळ आणि महारोग्यांकरितां रुग्णालय उभारिलें. गोन्सालो ह्यांची भाषा तेथें सर्वांच्या कामीं येई.

हे दिवस फार टिकले नाहींत. १५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्यावरील माल जपानी अधिकाऱ्यांनीं जप्त केला. आधीं धर्मगुरू येतात व मागून स्पेनचें सैन्य येतें, अशा अर्थाचें बोलणें जहाजावरील एकानें केलें, असें सांगतात. तें खरें कीं खोटें ह्याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. परिणाम मात्र एकच झाला. डिसेंबरांत क्योतो येथील फ्रान्सिस्कनांच्या घरावर पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ रोजीं बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची शहरांतून धिंड काढण्यांत आली. नंतर ऐन हिंवाळ्यांत सुमारें महिनाभर चालवीत त्यांना दक्षिणेकडे नागासाकीस नेलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेंकडीवर सव्वीस क्रूस उभे केले होते. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक ख्रिस्ती. त्यांत लुईस इबाराकी नांवाचा बारा वर्षांचा मुलगाही होता. त्यांना क्रुसांस जखडून भाल्यांनीं विंधिलें. गोन्सालो ह्यांचें वय तेव्हां चाळीसच्या आसपास होतें.

आतां नोंदींची गोष्ट पाहा. ह्या सव्वीस जणांचीं नांवें, त्यांचे संघ, पुष्कळांचीं वयें व गांवें, मरणाची तारीख, वाटेवरील मुक्काम, हें सर्व लिहिलेलें आहे. जपानांत दीर्घकाळ राहिलेले फादर लुईस फ्रॉइश ह्यांनीं त्याच वर्षीं सविस्तर वृत्तांत लिहून पाठविला. मार्सेलो दे रिबादेनेइरा हे फ्रान्सिस्कन ह्याच मंडळींतले. त्यांनीं जपानांतून परतल्यावर १६०१ सालीं ग्रंथच छापला. पुढें साक्षीदारांच्या जबान्या झाल्या, आणि त्या कागदांच्या बळावर १६२७ सालीं आठवे उर्बन ह्या परमगुरूंनीं त्यांना धन्यवादित व ८ जून १८६२ रोजीं नववे पायस ह्यांनीं संत म्हणून जाहीर केलें. मरणाचा दिवस असा पक्का, आणि जन्माचें वर्षसुद्धां एकमतानें सांगतां येत नाहीं! मरणाजवळ लिहिणारे होते, पाळण्याजवळ कोणी नव्हतें.

ह्याचा एक परिणाम आजपर्यंत चालू आहे. आडनांव पोर्तुगीज असल्यामुळें त्यांना पोर्तुगीजच समजणारे लेखक झाले. २००८ सालीं केरळच्या अल्फोन्सा ह्यांना संतपद मिळालें, तेव्हां त्या पहिल्या भारतीय स्त्री-संत, हें विसरून कांहींनीं त्यांना सरसकट पहिल्या भारतीय संत म्हटलें. वसईच्या लोकांस ह्याचें वाईट वाटलें तर नवल नाहीं. वसई १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या फौजेनें घेतली, किल्ल्यांतील मठ व देवळें ओस पडलीं, तरी खेड्यांतील ख्रिस्ती लोकांनीं धर्म टिकविला. गास येथील देऊळ ह्या संताच्या नांवाचें आहे. १९९८ सालीं वसईस स्वतंत्र धर्मप्रांतही झाला. आतां मुंबईचें उपनगर बनलेल्या त्या भागांत जमिनी विकल्या जाऊन जुनीं घरें पडत आहेत, तेव्हां पॅरिशच्या वह्या हाच तेथील घराण्यांचा मोठा आधार उरला आहे.

आम्हां परभणीकरांची स्थिति निराळी असली तरी शोधाची रीत तीच. आपल्या वाचकांपैकीं ज्यांना घराणें शोधावयाचें असेल त्यांनीं आईबापांच्या विवाहाच्या नोंदीपासून आरंभ करावा. त्या नोंदींत वधूवरांचा बाप्तिस्मा कोठें झाला तें असतें. त्या गांवच्या पॅरिशकडे विचारावें. बाप्तिस्म्याच्या वहींत आईबापांचीं व धर्ममातापित्यांचीं नांवें मिळतात. बाजूच्या समासांत पुढील दृढीकरणाची व विवाहाचीही टीप असते, कारण विवाह दुसरीकडे झाला तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवावी लागते. असें एका पिढीवरून मागच्या पिढीकडे जातां येतें. धर्ममाता ही पुष्कळ वेळां आईच्या माहेरची असते. तिच्या नांवावरून हरवलेलें आजोळ सांपडूं शकतें.

जुन्या नोंदी पुष्कळ ठिकाणीं लॅटिन भाषेंत आहेत. तेथें योहान शोधूं गेल्यास योहान्नेस, याकोब शोधूं गेल्यास याकोबुस सांपडेल. मराठी आडनांवें परदेशी धर्मगुरूंनीं कानास जशीं लागलीं तशीं लिहिलीं, म्हणून एकाच कुटुंबाचें नांव दोन-तीन तऱ्हांनीं वाचून पाहावें. मूळ वही वाळवीनें खाल्ली असली तरी लगेच आशा सोडूं नये. १९१७ च्या धर्मकायद्यानें ह्या वह्यांची नक्कल दरसाल बिशपांच्या कार्यालयाकडे पाठविण्याचा नियम घातला होता. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ सालीं अमरावतीपासून व अमरावती १९५५ सालीं नागपूरपासून वेगळा झाला. तेव्हां जसा काळ मागें जाईल तशी चौकशी ह्या तीन ठिकाणीं करावी लागेल.

ज्यांच्या घरांत बाप्तिस्मा एक-दोन पिढ्यांपूर्वींच आला, त्यांना त्यामागें जाण्यास सरकारी दफ्तर पाहावें लागतें. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता, त्यामुळें जुने कागद उर्दूंत व मोडींत आहेत. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांच्या समितीनें मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची केवढी गरज आहे तें सर्वांस कळून आलें. आणखी एक सूचना: हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील खेड्यांचे १ मे १९९९ पूर्वींचे कागद परभणी जिल्ह्याच्या नांवानें शोधावे, कारण त्या दिवशीं हिंगोली जिल्हा वेगळा झाला.

आमच्या पॅरिशच्या वह्यांवरून उतरून काढलेली घराण्यांची यादी ह्या अंकाच्या शेवटच्या पानांवर दिली आहे. पुष्कळ ठिकाणीं आईच्या नांवाची जागा कोरी राहिली आहे. ज्या वडील मंडळींस तीं नांवें किंवा माहेरचीं गांवें आठवत असतील, त्यांनीं रविवारच्या मिस्सेनंतर पॅरिशच्या कार्यालयांत येऊन सांगावीं. त्यासाठीं एक निराळी वही तेथें ठेविली आहे.