माडगूळकरांची पटकथा आणि ‘रामजोशी’

ग. दि. माडगूळकर हे नाव उच्चारताच ‘गीतरामायण’ आठवते. त्यांनी तीन दशके ज्या पटकथांत वेचली, त्या मात्र वाङ्मयाच्या अभ्यासक्रमाबाहेर राहिल्या. वस्तुतः त्यांच्या गीतांतील नाट्य या पटकथालेखनापासून वेगळे काढता येत नाही.

१ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे त्यांचा जन्म झाला. औंध संस्थानातील त्यांचे बालपण दारिद्र्याचे होते. पण कीर्तन, गोंधळ आणि तमाशा तेथे कानांवर सतत पडत असे. मॅट्रिकला अपयश आल्यावर त्यांनी कोल्हापूरची वाट धरली. अत्र्यांच्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटात किरकोळ भूमिका मिळाली. पुढे वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम करताना कथेची बांधणी जवळून पाहता आली.

या उमेदवारीचे चीज ‘राजकमल’च्या ‘रामजोशी’त (१९४७) झाले. कथा, पटकथा, संवाद आणि गीते अशी जबाबदारी त्यांच्यावर होती. मूकपटांच्या काळात ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’ यांनी नावारूपास आलेले बाबूराव पेंटर दिग्दर्शक होते. त्यांच्याबरोबर शांतारामांचेही नाव आहे. ‘सावकारी पाश’मध्ये (१९२५) तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनीच केली होती. शब्दावाचून कथा सांगण्यात मुरलेल्या या दोघांना, ज्याचे सारे सामर्थ्य शब्दांत आहे अशा शाहिराचे चरित्र दाखवायचे होते.

रामजोशी हा पेशवाईच्या उत्तरार्धातला, सोलापूरच्या ब्राह्मण कुळातला कवी. त्याच्याविषयी दंतकथा पुष्कळ, पुरावे थोडे. माडगूळकरांनी त्या दंतकथांतून एकच ताण उचलला: संस्कृत जाणणारा हा कवी फडावर जातो आणि सोवळा समाज त्याला दूर लोटतो. इतिहास म्हणून हे चित्रण काटेकोर नाही. शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासकाने ते पुरावा म्हणून वापरू नये. पटकथा म्हणून मात्र तिची पकड घट्ट आहे. रामजोशीच्या मूळ लावणीशेजारी माडगूळकरांनी आपली रचना ठेवली आणि सांधा दिसू दिला नाही. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या भूमिकांमुळे त्या शब्दांना देह मिळाला, वसंत देसाईंमुळे स्वर. लोकरंजनासाठी लिहिणारा कवी हलका ठरतो काय, हा प्रश्न रामजोशीचा होता तितकाच चित्रपटगीते लिहिणाऱ्या माडगूळकरांचाही.

त्यानंतर राजा परांजपे यांच्याबरोबरचे ‘लाखाची गोष्ट’ आणि ‘पेडगावचे शहाणे’ (दोन्ही १९५२) आले. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या हिंदी चित्रपटाची कथा तर त्यांच्या मुलखातूनच आली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथे औंध संस्थानाने कैद्यांसाठी उघड्या तुरुंगाचा प्रयोग केला होता; त्यावर ती आधारलेली आहे. या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले.

दरम्यान १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले होते. त्याच्या छप्पन्न गीतांत पात्रे एकेक करून पुढे येतात, आपला प्रसंग बोलतात आणि दूर होतात. ही रीत पटकथाकाराची आहे. १९७३ च्या यवतमाळ येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, ते कवी म्हणून. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.